सोयाबीन पिकतं सांवेरला, पैसा थांबतो इंदुरात

इंदूरच्या विकासावरच्या कुठल्याही सभेत पडद्यावर एक गोल तक्ता येतोच. त्यात सेवाक्षेत्राचा भलामोठा तुकडा, उद्योगांचा त्याहून लहान आणि कोपऱ्यात शेतीची एक बारीक फाक. वक्ता त्या फाकेकडे बघून हसतो आणि म्हणतो, जिल्ह्यात आता शेतीचं असं राहिलंय तरी काय? २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३२ लाख ७७ हजारांच्या घरात होती आणि त्यातले सुमारे ७४ टक्के लोक शहरी होते. त्यानंतर शहर आणखी पसरलं. म्हणजे वक्त्याचं म्हणणं वरवर बरोबरच वाटतं.

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना तर ते फारच पटतं. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या बहुतेक घरांचा शेतीशी संबंध तुटून दोन पिढ्या झाल्या. ज्यांची इनामं, जमिनी जिल्ह्यातल्याच देपालपूर-सांवेर तहसिलींकडे होत्या, त्यांच्या काही जमीनदारी निर्मूलनात गेल्या, काही नंतर मुलांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी विकल्या गेल्या. आता वर्षाचा गहू भरताना शरबती घ्यायचा की लोकवन, एवढ्यापुरतीच शेती आपल्या घरात शिरते.

माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीचशी सांवेर आणि देपालपूर तहसिलीतल्या शाखांत गेली. त्यामुळे त्या तक्त्याकडे बघताना मला आधी दिसतं ते त्यातलं मोजमाप. सोयाबीन शेतातून निघून तेलाच्या कारखान्यात गेलं की त्यापुढची सगळी कमाई ‘उद्योग’ या तुकड्यात मोजली जाते. हरभऱ्याची डाळ झाली की तीही उद्योगात. ट्रॅक्टरची शोरूम, मालाची वाहतूक, शीतगृहाचं भाडं, बँकेचं व्याज, खत-औषधाच्या दुकानाचा नफा हे सगळं सेवाक्षेत्रात. शेतीच्या नावावर उरतो तो फक्त शेताच्या बांधापर्यंतचा हिशोब. फाक बारीक दिसते, कारण बाकीच्या फाका आपण दुसऱ्यांच्या ताटात वाढून ठेवल्या आहेत. पण माझी तक्रार तेवढीच नाही. शेतीतून जिल्ह्यात किती पैसा निघतो हे कुणीतरी कधीतरी मोजतं; तो पैसा कुठे जाऊन थांबतो हे कुणीच मोजत नाही. माझं म्हणणं असं आहे की माळव्याच्या गावांतला पैसा तीन वाटांनी गावाबाहेर जातो: कच्चा माल विकताना, कर्ज फिरवताना आणि शेवटी जमीन विकताना. इंदूरची श्रीमंती या तिन्ही वाटांच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे.

हे आजचं नाही. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि एकोणिसाव्या शतकात हे गाव वाढलं ते मुख्यतः अफूच्या व्यापारावर. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची; हुंड्या इंदूरच्या पेढ्यांवर वटायच्या. पुढे कापूस आला आणि त्याच्या मागोमाग गिरण्या: मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल. खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. ही गोष्ट इंदूरकर अभिमानाने सांगतात आणि सांगावीच. पण संस्थानाच्या तिजोरीत तो पैसा आला तो शेतसाऱ्यातून आणि अफूवरच्या जकातीतून. सारा वसूल करणारे कमाविसदार आणि हिशोब लिहिणारे फडणीस बहुतेक आपलेच पूर्वज होते, हे तेवढ्याच अभिमानाने कुणी सांगत नाही.

गिरण्या गेल्या. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली आणि कामगारांना देणी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. तोवर माळव्याच्या काळ्या मातीत तिसरं नगदी पीक कधीच रुजलं होतं.

सोयाबीनने या भागात काय केलं हे समजायला त्याआधीची शेती आठवावी लागते. इथली काळी माती पावसात इतकी चिकट होते की पाय रुतला तर चप्पल तिथेच राहते. बरेच शेतकरी खरिपात रान पडीक ठेवायचे, पावसाची ओल मातीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचे. १९७०च्या दशकापासून त्या पडीक खरिपात सोयाबीन शिरलं. तीन-सव्वातीन महिन्यांत रान मोकळं करून देणारं पीक, म्हणजे गव्हाच्या आड न येणारं. १९७९मध्ये सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना, सोपा, इंदुरात उभी राहिली. १९८७मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथेच, खंडवा रोडवर आलं. मध्यप्रदेशाला ‘सोया स्टेट’ म्हणायला लागले. एका पिकाच्या जागी दोन पिकं झाली आणि दुसरी गोष्ट माझ्या लेखी त्याहून मोठी: ऐन दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा येऊ लागला.

त्या रोखीवर इंदूरचा बाजार उभा आहे. सियागंजचा किराणा आणि लोखंडाचा व्यापारी, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधला ठोक दुकानदार, सराफ्यातला पेढीवाला, मोटारसायकलींचे डीलर यांना ‘इस बार सोयाबीन कैसा है’ हा प्रश्न तोंडपाठ असतो. शहरात राहून पावसाचा अंदाज इतक्या बारकाईने वाचणारे दुसरे लोक मी पाहिलेले नाहीत. त्यांना तो तक्ता दाखवून शेतीचा वाटा किरकोळ आहे म्हणून सांगा, ते चहा पाजून तुमची बोळवण करतील.

आता पैसा गावाबाहेर जाण्याची पहिली वाट. ऑक्टोबरात छावणी किंवा लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत सकाळी जाऊन उभं राहावं. (इकडे बाजार समितीला मंडीच म्हणतात.) ट्रॉल्यांची रांग असते. मंडीचा कर्मचारी पुढे, त्याच्यामागे आठ-दहा व्यापारी. एकेका ट्रॉलीपाशी थांबतात. कुणी मूठभर दाणे उचलतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरतो. दाणा कटकन तुटला तर माल वाळलेला. नुसता चेपला तर ओलावा आहे. बोली लागते, पाच-दहा रुपयांनी सरकते आणि मिनिटभरात संपते. शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून खाली बघत असतो. चार महिन्यांच्या कष्टांचा भाव ठरायला लागणारा हा वेळ आहे. त्यानंतर ट्रॉली व्यापाऱ्याच्या गोदामाकडे जाते, फाळका पडतो, माल घसरतो आणि खरी हुज्जत तिथे सुरू होते. ‘ऊपर का माल अलग था, नीचे से हलका है.’ लिलावात ठरलेल्या भावातून शंभर-दीडशे कापायची भाषा होते. शेतकऱ्याने नाही म्हटलं तर माल परत भरायची हमाली त्याच्याच डोक्यावर, दिवस गेला तो वेगळाच. बहुतेक जण मान डोलावतात. लातूर-वाशिमच्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही.

पण मंडीतला व्यापारी या गोष्टीतला खलनायक नाही. त्याच्या वरचा भाव दुसरीकडेच ठरलेला असतो. २०२१च्या ऑगस्टात इंदुरात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल नव्हता. होता तो साठेदाराकडे. कोंबडीखाद्य महागलं म्हणून सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवं पीक मंडीत येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४मध्ये माळव्यात सहा हजारांच्या भावासाठी ट्रॅक्टर मोर्चे निघाले. सप्टेंबरात केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं. २०२५च्या मेअखेरीस, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. शेतकऱ्याने बियाणं घेतलं एका धोरणात आणि पीक विकलं दुसऱ्या धोरणात.

२०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. मंडीत भाव त्याच्या बराच खाली राहिला, म्हणून राज्य सरकारने भावांतर योजना पुन्हा आणली. हमीभाव आणि मंड्यांच्या सरासरीवरून काढलेला ‘मॉडेल रेट’ यांतला फरक नोंदणी केलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात. नोव्हेंबरात पहिला मॉडेल रेट निघाला ४,०२० रुपये. म्हणजे क्विंटलमागे फरक १,३०८ रुपये.

हा आकडा एका गावावर बसवून बघू. एखाद्या गावात ४०० हेक्टरवर सोयाबीन आहे आणि हेक्टरी दहा क्विंटल उतारा मिळाला असं धरा. माळव्यात हा अंदाज फार वर किंवा फार खाली नाही. हेक्टरमागे १३,०८० रुपयांची तूट, गावाची तूट ५२ लाखांहून जास्त. एका गावाची, एका हंगामाची. या पैशातून गावातल्या दुकानाची उधारी चुकणार होती, एखाद्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडणार होता, दोन-चार मुलींची इंदूरच्या कॉलेजची फी भरली जाणार होती. भावांतराने ही तूट खजिन्यातून भरून दिली हे चांगलंच झालं. नुसती भाषणं मिळण्यापेक्षा शंभरपट चांगलं. पण यात खरेदीदाराला माल ४,०२०च्या आसपासच मिळाला. वरचे १,३०८ रुपये करदात्याने दिले. म्हणजे बाजाराने शेतकऱ्याला जे दिलं नाही ते सरकारने दिलं, आणि बाजाराला मात्र कमी भावाची मोकळीक राहिली. २०१७मध्ये ही योजना पहिल्यांदा आली तेव्हा, ती चालू झाली की मंडीतले भाव पडतात, अशी ओरड झाली होती. ती अगदीच निराधार नव्हती. शिवाय ज्याचा माल मॉडेल रेटच्याही खाली गेला, त्याची वरची झळ त्यालाच सोसावी लागते. आणि असा माणूस बहुधा लहान शेतकरीच असतो, ज्याच्याकडे माल वाळवायला अंगण नाही आणि थांबायला सवड नाही.

यावर शहरातून उत्तर येतं ते तेलाच्या पिशवीचं. आयात शुल्क वाढवलं तर तेल महाग होईल, ते गरिबालाच लागतं. प्रश्न खरा आहे. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि पोहे-जिलबीच्या या शहरात तेलाचा भाव वाढला की पहिला आरडाओरडा मीच करतो. पण गरिबाच्या कढईतलं तेल स्वस्त ठेवायचं असेल तर ते रेशनवर द्या, खजिन्यातून द्या. सांवेरच्या पाच बिघेवाल्याच्या खिशातून का? पाच बिघे म्हणजे साधारण एक हेक्टर. तोही गरीबच आहे आणि तेल तोही विकतच घेतो.

खरं तर या वादात तेलाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व मिळतं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा-वीस किलो. बाकी बहुतेक पेंड, जिला इथले व्यापारी डीओसी म्हणतात. भाव ठरतो तो मोठ्या प्रमाणात या पेंडीवर. ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्याहून स्वस्त पडते, म्हणून निर्यात मंदावते. आणि अलीकडे देशातच एक नवा स्पर्धक उभा राहिला आहे: मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा. तो पशुखाद्यात स्वस्तात मिसळला जातो आणि सोयापेंडीची जागा खातो. म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण आखलं जातं दिल्लीत, मक्याचा शेतकरी खूश होतो बिहार-महाराष्ट्रात आणि सोयाबीनचा भाव पडतो देपालपूरला. हे एकमेकांशी जोडून बघणारं कुणी नाही. पेट्रोलियम खात्याचा आणि कृषी खात्याचा कागद एका टेबलावर येत असेल, असं निदान निकालांवरून तरी वाटत नाही.

शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. हेक्टरी दहा क्विंटलवर कुठलाही भाव फार दिवस पुरणार नाही. जगाची सरासरी आपल्या अडीचपटीहून वर आहे. इतरांचा हंगाम लांब असतो, त्यांच्याकडे जनुकबदल बियाणं असतं, ही कारणं आहेतच. पण आपण १९९४चं जेएस ३३५ आणि २००७चं जेएस ९५-६० ही सोयाबीनची वाणं वर्षानुवर्षं घरच्याच बियाण्यातून पेरत राहिलो, त्यावर पिवळा मोझॅक हा रोग दर एक-दोन वर्षांनी शेतं पिवळी करून गेला, आणि खंडवा रोडवरच्या संस्थेचं नवं वाण चाळीस किलोमीटरवरच्या शेतात पोचायला बरीच वर्षं लागली. भावाच्या मोर्चात बियाण्याची मागणी शेवटच्या ओळीत असते. ती पहिल्या तिनांत यायला हवी.

मग पैसा गावात थांबणार कसा? त्याचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. महूजवळ कोदरियाला जा, फेब्रुवारी-मार्चात. माळव्याच्या बटाट्यात साखर कमी असते, म्हणून तळल्यावर चिप्स काळे पडत नाहीत. मोठ्या कंपन्या त्यासाठीच हा बटाटा नेतात. केंद्राच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत इंदूरच्या नावापुढे बटाटाच आहे. कोदरियात मात्र बटाटा ट्रकमध्ये चढायच्या आधीच काप होतो. मोठ्या कढयांत काप उकळतात, आणि उघड्या माळावर पसरलेल्या कापडांवर वाळत घालतात. वाळत घालणाऱ्या, उलटणाऱ्या, गोळा करणाऱ्या बहुतेक बायका. ऊन तेवढं फुकट. हे चिप्स पुढे शहरातले नमकीनवाले आणि दुकानदार घेतात. मजुरी कमी आहे, काम पाठ मोडणारं आहे, बटाट्याचं पांढरं पाणी नाल्यात सोडलं जातं हेही खरं. त्याचं कौतुक करून मोकळं होण्याइतकं ते गोंडस नाही. पण बटाटा आणि चिप्स यांच्या भावातलं अंतर निदान काही प्रमाणात त्याच पंचक्रोशीत राहतं, हे आर्थिकदृष्ट्या त्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाचं आहे.

सोयाबीनला हे जमलं नाही. तेल काढायचा कारखाना गावात उभा राहू शकत नाही, त्याला भांडवल लागतं. इंदूर-देवास-पीथमपूरच्या पट्ट्यात १९८०-९०च्या दशकांत मोठे कारखाने आले. त्यातल्या सर्वांत मोठ्या नावाचं, रुची सोयाचं, काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे: २०१७मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया, २०१९मध्ये पतंजलीकडे. पण तेल नाही जमलं तरी माल वाळवणं, चाळणं, प्रतवारी करणं, बियाणं तयार करणं हे तहसिलीच्या गावाला जमण्यासारखं आहे. हरभऱ्याची डाळ, डॉलर चण्याची, म्हणजे मोठ्या काबुली चण्याची, प्रतवारी, लसूण सोलून वाळवणं हेही. ज्याच्याकडे सांवेरलाच ओलावा मोजायचं यंत्र, वाळवायचं पटांगण आणि गोदामाची पावती असेल, त्याला ‘नीचे से हलका है’ ऐकवणं व्यापाऱ्याला सोपं जात नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना नेमकी यासाठीच होती. त्यातल्या कितीतरी कंपन्या शेवटी खतविक्रीची दुकानं होऊन बसल्या, कारण खेळतं भांडवल द्यायला कुणी तयार नव्हतं. बँकवाल्यांच्या बाजूने बसून मी हे बघितलेलं आहे: ट्रॅक्टरचं कर्ज एका बैठकीत मंजूर होतं, शेतकऱ्यांच्या कंपनीची फाइल विभागीय कार्यालयात फिरत राहते.

कर्ज ही दुसरी वाट. किसान क्रेडिट कार्डावर वेळेवर भरणाऱ्याला तीन लाखांपर्यंत चार टक्के व्याज पडतं; मध्यप्रदेशात सहकारी सोसायटीचं पीककर्ज तर शून्य टक्के. कागदावर याहून स्वस्त पैसा जगात मिळणार नाही. प्रत्यक्षात मार्च येतो. खरिपाच्या कर्जाची तारीख २८ मार्च, आणि त्या वेळी गहू शेतात उभा असतो किंवा नुकता काढलेला असतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीत आणि रब्बीच्या पेरणीत संपलेला. मग नवं-जुनं करायचं. म्हणजे सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, खातं बेबाक करून नवं कर्ज उचलायचं आणि सावकाराला परत करायचं. त्या आठ-दहा दिवसांचा सावकार दोन टक्के घेतो, तीन टक्के घेतो. हा दर वर्षाचा नसून तेवढ्या दिवसांचा. शून्य टक्क्यांच्या कर्जाचं हे खरं व्याज. बँकेच्या पुस्तकात वसुली उत्तम दिसते, सरकारच्या अहवालात शून्य टक्के दिसतं, आणि दोघांच्या मधे बसलेला माणूस वर्षातून एक पंधरवडा काम करून मजेत राहतो. उपाय अवघड नाही. भरण्याची तारीख गव्हाच्या विक्रीनंतरची ठेवा, आणि जुनं मुद्दल न भरवता नुसतं व्याज घेऊन मर्यादा पुढे चालू ठेवा. किसान क्रेडिट कार्ड १९९८मध्ये आलं तेव्हा त्यामागची कल्पना हीच होती.

तिसरी वाट सगळ्यांत रुंद आहे. सुपर कॉरिडॉर या इंदूरच्या रुंद रस्त्याच्या बाजूला एकेकाळी गहू असायचा. आता टीसीएस आणि इन्फोसिस आहेत. इंदूर-पीथमपूर इकॉनॉमिक कॉरिडॉरसाठी शेतकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात ६० टक्के विकसित भूखंड द्यायचं ठरलं आहे. बायपासपलीकडे तर बिल्डरचे फलक पेरणीच्या आधी लागतात. ‘शेती परवडत नाही, विकू द्या की त्याला’ हे वाक्य मी जितक्या शहरी लोकांकडून ऐकलं, तितक्याच शेतकऱ्यांकडूनही. आणि विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. बिघ्याला वर्षाकाठी काही हजार सुटत असताना कुणी कोटी देऊ केले तर मीही विकेन. पैसेवाले झालेले कित्येक जण शहाणपणाने वागले. त्यांनी पुढे देवास-धारकडे तिप्पट-चौपट जमीन घेतली.

पण जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत त्या विक्रीने काय होतं? किंमत मिळते ती सातबाऱ्यावर, म्हणजे इथल्या भाषेत खसऱ्यावर, ज्याचं नाव आहे त्याला. त्या जमिनीवर अधबटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, राबणारा, ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्याला काही नाही. सोयाबीन कापायला झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून येणाऱ्या भिल-भिलाला टोळ्यांना काही नाही. त्यांच्या गावच्या वर्षभराच्या मिठा-मिरचीचा पैसा इथल्या महिनाभराच्या कापणीतून जायचा. गावातल्या लोहाराला, पंक्चरवाल्याला, औषधाच्या दुकानदाराला काही नाही. शेतातून दरवर्षी निघणारा पैसा अनेक हातांतून फिरतो. जमिनीचा पैसा एकदाच येतो, एकाच हातात येतो आणि बहुतेक वेळा इंदूरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा पांढऱ्या एसयूव्हीत जाऊन बसतो. भूखंड वाटताना त्यातला एक हिस्सा बटाईदार आणि मजूर कुटुंबांसाठी वेगळा ठेवावा, ही मागणी मला अजून कुठल्याही मोर्चात ऐकू आलेली नाही. शेतकरी नेते ती करणार नाहीत, कारण ते स्वतः खसऱ्यावर आहेत. मग ती आपण शहरवाल्यांनीच करायला हवी.

पाण्याबद्दल थोडक्यात. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर’ हे प्रत्येक नेत्याच्या भाषणात असतं. इंदूर जिल्ह्यात जमिनीतलं पाणी भरतं त्याहून जास्त उपसलं जातं आणि शहर स्वतः सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, नर्मदा वर चढवून पितं. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६नंतर शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत, बरेचदा स्वतःच्या पैशाने, हजारोंनी शेततळी खोदली आणि बोअरवरचं कर्ज कमी केलं. त्यासाठी जमिनीचा एक तुकडा पाण्याखाली सोडावा लागतो. ज्याला पाच वर्षांत जमीन विकायची आशा आहे तो तळं खोदत नाही, हा जमिनीच्या वाढत्या भावाचा आणखी एक परिणाम.

गावातून शहरात येणाऱ्या या सगळ्या ओघात उलट दिशेने जाणारं काही आहे का? एक गोष्ट आहे आणि तिचा जन्मही इंदूरचाच. १९२४मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली, आजचं कृषी महाविद्यालय. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करायची रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१मध्ये दोघांच्या नावाने त्यावर ग्रंथ निघाला. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीवाल्यांच्या जगात देवासारखं घेतात. वाडांचं नाव इंदूरच्या मराठी मंडळांतही कुणी घेत नाही. याच महाविद्यालयाच्या जमिनीवर सिटी फॉरेस्ट करायचा बेत २०२२मध्ये निघाला तेव्हा विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागलं. शहराला झाडं हवीत, शेतीच्या प्रयोगाची रानं नकोत.

आज देवगुराडियाला शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना आहे. २०२२च्या फेब्रुवारीत त्याचं उद्घाटन झालं. क्षमता रोज ५५० टन कचऱ्याची. त्यातून रोज सुमारे १७ हजार किलो गॅस आणि १०० टन खत निघेल असं तेव्हा जाहीर झालं. गॅसवर शहराच्या बस चालतात. सोयाबीन-गहू-सोयाबीन अशा फेऱ्यात माळव्याच्या मातीतला सेंद्रिय अंश घटत चाललाय आणि शेतकरी दर हंगामाला डीएपी या रासायनिक खताच्या रांगेत उभा असतो. अशा वेळी ही शंभर टनं म्हणजे गावाकडून आलेल्या मालाचा निदान उरलासुरला भाग परत करायची सोय आहे. पण खत जड असतं आणि स्वस्त असतं. त्याच्या किमतीपेक्षा ट्रॉलीभाडं जास्त होतं. म्हणून ते गावात पोचायचं असेल तर वाहतुकीचा खर्च शहराने उचलायला हवा. कचरा घराघरांतून उचलण्यासाठी आपण कर देतोच की. त्याच करात तो वीस-तीस किलोमीटर पुढे नेऊन टाकण्याचे पैसे घाला. महापालिकेने दर महिन्याला एवढंच जाहीर करावं: किती टन खत निघालं, त्यातलं किती सांवेर, देपालपूर, हातोद आणि महूच्या शेतांत गेलं, आणि तिथल्या शेतकऱ्याला ते भाड्यासकट क्विंटलला कितीला पडलं. हिरव्या बसचे फोटो छापून बरेच झाले आहेत.